वसईचा कॅथलिक समाज

महाराष्ट्राच्या पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्यात, मुख्यतः त्याच्या पश्चिमेकडील सखल किनारपट्टीवर, पिढ्यान्‌पिढ्या वस्ती करून असलेला मराठी भाषक रोमन कॅथलिक समाज. उत्तरेस वैतरणा नदी, दक्षिणेस उल्हास नदीच्या मुखाशी असलेली वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र व पूर्वेस तुंगारेश्वराचे डोंगर अशा चतुःसीमांत हा प्रदेश सामावलेला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीज राजवटीत या समाजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर या भूमीवर पोर्तुगीज, मराठे व इंग्रज अशा सत्ता क्रमाने आल्या आणि गेल्या. चर्चचे अधिकारक्षेत्रही अनेकदा बदलले. या सर्व स्थित्यंतरांत जी एक संस्था टिकून राहिली, ती म्हणजे चर्चभोवती उभा राहिलेला ‘धर्मग्राम’ होय. वसईच्या कॅथलिकांचा इतिहास हा बव्हंशी धर्मग्रामाचा इतिहास आहे. धर्म बदलला तरी भाषा, जमीन, व्यवसाय व जातिसंबंध पुष्कळ अंशी पूर्वीचेच राहिले, हे या इतिहासाचे वैशिष्ट्य मानावे लागते.

पूर्वपीठिका : वसईलगतचे सोपारा (प्राचीन शूर्पारक) हे पश्चिम किनाऱ्यावरील एक पुरातन बंदर. येथे सम्राट अशोकाच्या शिलालेखाचा भाग सापडला असून, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये येथील बौद्ध स्तूपाचे उत्खनन केले. पश्चिम आशियाशी असलेल्या व्यापारामुळे ख्रिस्ती धर्माचा या किनाऱ्याशी संपर्क पोर्तुगीजांच्या कितीतरी आधी आला होता. सहाव्या शतकातील कॉस्मस इंडिकोप्लुस्टीस या ग्रीक लेखकाने ‘कल्लियाना’ येथे ख्रिस्ती लोक व त्यांचा बिशप असल्याचे नमूद केले असून, हे स्थळ म्हणजे कल्याण असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात. १३२१ मध्ये ठाणे येथे चार फ्रान्सिस्कन धर्मप्रचारकांचा वध झाला. त्यांचा सहप्रवासी जॉर्डेनस हा डोमिनिकन साधू त्या काळी सोपारा परिसरात होता व त्याने येथील काही लोकांना बाप्तिस्मा दिला. तथापि या प्रारंभीच्या संपर्कातून सलग परंपरा असलेला समाज निर्माण झाला नाही. आजच्या समाजाचा प्रारंभ सोळाव्या शतकातच शोधावा लागतो.

पोर्तुगीज अंमल व धर्मांतर : गुजरातचा सुलतान बहादुरशाह याने २३ डिसेंबर १५३४ रोजी झालेल्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील प्रदेश पोर्तुगीजांना दिला. त्या वेळी नूनो द कून्या हा पोर्तुगीज गव्हर्नर होता. पुढे वसई हे पोर्तुगीजांच्या ‘उत्तर प्रांता’चे मुख्य ठाणे बनले. किल्ल्याच्या तटाआड प्रशस्त वाडे, रुग्णालय, विद्यालय व निरनिराळ्या धर्मसंघांचे मठ उभे राहिले. फ्रान्सिस्कन हे येथे प्रथम आले. आंतोनियो दो पोर्तू हा त्यांतील प्रमुख धर्मप्रचारक होय. पाठोपाठ जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन संघांनी आपापली केंद्रे स्थापन केली. सेंट फ्रान्सिस झेव्हिअर यानेही १५४४ ते १५४८ या काळात वसईस भेटी दिल्या.

धर्मांतराची कारणे एकपदरी नव्हती. पोर्तुगीज राजसत्ता आणि चर्च यांच्यात ‘पाद्रोआदो’ (धर्मसंरक्षणाचा राजाधिकार) या व्यवस्थेमुळे घनिष्ठ संबंध होता. देवळे पाडणे, देवस्थानांचे उत्पन्न चर्चकडे वळविणे, हिंदूंच्या सार्वजनिक धर्मविधींस मनाई करणे, अनाथ मुलांना चर्चच्या ताब्यात देणे असे उपाय राज्यकर्त्यांनी योजले. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन स्थापन झाल्यावर त्याची छाया वसईवरही पडली. दुसऱ्या बाजूस सरकारी नोकऱ्या, करांतील सवलती व राजाश्रय यांचे आकर्षण होते. धर्मप्रचारकांचे शिक्षण व रुग्णसेवा यांचाही प्रभाव पडला. विहिरीत पाव टाकून सबंध गाव बाटविल्याची आख्यायिका उत्तर कोकणात सर्वत्र ऐकू येते. धर्मांतराचे ऐतिहासिक स्पष्टीकरण म्हणून ती अपुरी आहे. परंतु तिच्यातून एक सामाजिक वस्तुस्थिती सूचित होते. भ्रष्ट मानल्या गेलेल्या माणसास परत घेण्याची वाट ज्ञातीने बंद केली, की एका कुटुंबाच्या पाठोपाठ सबंध वाडी नव्या धर्मात जाई. वसईत धर्मांतरे पुष्कळदा गटागटाने झाली व त्यामुळेच जुने ज्ञातिगट नव्या धर्मातही अभंग राहिले.

धर्मग्रामाची घडण : सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध आणि सतराव्या शतकाचा प्रारंभ या काळात किल्ल्याबाहेरच्या गावांत चर्चची बांधकामे झाली. पापडी, सांडोर, रमेदी, पाली, निर्मळ, आगाशी, नंदाखाल, माणिकपूर व मर्सेस येथील धर्मग्राम हे या जुन्या परंपरेतील होत. प्रत्येक चर्चच्या कक्षेत अनेक आळ्या व वाड्या येत. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदी चर्चमध्ये ठेवल्या जात. चर्चच्या पटांगणातच शाळा भरे, तंटे मिटविले जात आणि शेजारच्या दफनभूमीत पूर्वज विसावत. चर्चच्या मालमत्तेचा व्यवहार पाहणारा निधी (फाब्रिका) व सण-उत्सवांची व्यवस्था पाहणारी बंधुमंडळे (कॉन्फ्रारिया) यांमुळे प्रापंचिक लोकांनाही धर्मग्रामाच्या कारभारात स्थान मिळाले. चर्चपासून दूर असलेल्या वाड्यांच्या नाक्यांवर व वेशींवर दगडी क्रूस उभारण्यात आले. सायंकाळी त्यांच्याभोवती जमून प्रार्थना म्हणण्याची प्रथा अनेक वाड्यांत पुढे दीर्घकाळ चालू राहिली.

जमिनीची व्यवस्था याहून निराळी होती. पोर्तुगीज सत्तेने गावे ठराविक वार्षिक खंडावर (फोरो) पोर्तुगीज सरदारांना व काही धर्मसंघांना लावून दिली होती. प्रत्यक्ष कसणारे मात्र स्थानिक कुणबी व बागायतदारच होते. पुढे सरदार व मठवासी निघून गेले, तेव्हा जमीन कसणारा समाज आणि त्याचे गावचे चर्च एवढेच मागे राहिले. वसईच्या समाजाच्या चिवटपणाचे मूळ या वस्तुस्थितीत आहे.

समाजरचना व बोली : वसईच्या कॅथलिकांत तीन प्रमुख गट आढळतात. निर्मळ, भुईगाव, गास, वाघोली, नंदाखाल, आगाशी इ. उत्तरेकडील गावांत सामवेदी ख्रिस्ती अथवा कुपारी यांची वस्ती आहे. ‘कुपारी’ हा शब्द पोर्तुगीज ‘कोंपाद्रे’ (बाप्तिस्म्याच्या नात्याने जोडलेला धर्मपिता) या शब्दावरून आला असावा, असे मानतात. दक्षिणेकडील पापडी, सांडोर, माणिकपूर इ. भागांत वाडवळ ख्रिस्ती आहेत; वाडी म्हणजे बागायत करणारे ते वाडवळ. खाडीच्या व समुद्राच्या काठावरील पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव आदी ठिकाणी ख्रिस्ती कोळ्यांची वस्ती आहे. सामवेदी ब्राह्मण, वाडवळ व कोळी हे हिंदू समाजही याच परिसरात राहतात. त्यांच्या आणि ख्रिस्ती गटांच्या बोलींत व रीतिरिवाजांत आजही स्पष्ट साम्य दिसते.

कुपारी समाजाची बोली सामवेदी किंवा ‘कादोडी’ या नावाने ओळखली जाते. तिची घडण मराठीची असली, तरी तिच्यावर गुजरातीच्या सान्निध्याचा परिणाम जाणवतो व पोर्तुगीज शब्दही तिच्यात मुरलेले आहेत. वाडवळांची व कोळ्यांची बोली याहून वेगळी आहे. अवघ्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यात एकाच पंथाच्या लोकांत इतक्या बोली चार शतके नांदल्या, याचे कारण विवाहसंबंध ज्ञातीतच होत आणि ज्ञातीची वस्ती व धर्मग्रामाची सीमा या पुष्कळशा एकरूप होत्या. चर्चने एकीकडे सर्वांना समान धर्मविधी दिला. दुसरीकडे त्याच्या सीमारेषेने जुने भेदही जपले. ख्रिस्ती धर्मातील समतेची शिकवण आणि ज्ञातिबंधने यांतील हा विसंवाद विसाव्या शतकात शिक्षण व नोकरी यांमुळे स्थलांतर होऊ लागेपर्यंत तीव्र होता.

बाप्तिस्म्याच्या वेळी धर्मपित्याचे वा धर्मगुरूचे आडनाव घेण्याच्या रीतीमुळे लोपीस, रॉड्रिग्ज, परेरा, गोन्साल्विस, दिब्रिटो, डाबरे, तुस्कानो, मच्याडो अशी आडनावे रूढ झाली. ही नावे पोर्तुगीज वंशाची निदर्शक नसून धर्मांतराच्या विधीची खूण आहेत.

संत गोन्सालो गार्सिया : या मातीतील सर्वांत ख्यातनाम पुरुष म्हणजे संत गोन्सालो गार्सिया (सु. १५५७–९७) होय. त्याचा जन्म वसईत झाला. पिता पोर्तुगीज व माता स्थानिक होती. जेझुइटांच्या विद्यालयात शिक्षण घेऊन तो तरुणपणीच जपानला गेला व जपानी भाषेत प्रवीण झाला. काही काळ व्यापार केल्यावर त्याने मानिला येथे फ्रान्सिस्कन संघात प्रवेश केला. १५९३ मध्ये दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे पंचवीस सहकाऱ्यांसह त्याला क्रुसावर देहान्ताची शिक्षा देण्यात आली. १८६२ मध्ये पोप नववे पायस यांनी त्याला संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला कॅथलिक संत होय. गास येथील चर्च त्याच्या नावाचे आहे.

१७३९ चे स्थित्यंतर : चिमाजी आप्पा यांच्या नेतृत्वाखाली मराठ्यांनी प्रदीर्घ वेढ्यानंतर मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला जिंकला. तहान्वये पोर्तुगीजांना शस्त्रे व चीजवस्तू घेऊन सन्मानाने जाण्याची मुभा मिळाली. ख्रिस्ती रयतेसाठी पाच चर्च राखून ठेवण्याचे मान्य झाले. त्यांपैकी तीन वसई शहरात, एक वसई प्रांतात व एक साष्टीत होते. युरोपीय धर्मगुरू निघून गेले. किल्ल्यातील मठ व चर्च ओस पडून त्यांचे छप्पर ढासळत गेले. चर्चमधील घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर नेण्यात आल्या. नाशिक येथील नारोशंकराचे मंदिर, भीमाशंकर व मेणवली येथील घंटा त्यांपैकीच असल्याचे सांगतात.

या क्षणी समाजापुढे अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहिला. ज्या सत्तेच्या आश्रयाने धर्म आला, ती सत्ता नाहीशी झाली होती. हिंदू धर्मात परतण्याचे मार्गही काही ठिकाणी खुले होत होते व काही कुटुंबे परतलीही. तरीही बहुसंख्य समाज ख्रिस्ती धर्मातच राहिला. पोर्तुगीज धर्मगुरूंची जागा गोव्याहून आलेल्या एतद्देशीय धर्मगुरूंनी घेतली. किल्ल्यातील वैभवशाली चर्च मोडून पडली, पण गावचर्च लोकांनी वर्गणी व श्रम यांच्या बळावर राखली, दुरुस्त केली, पुढे वाढविली. मराठी राजवटीनेही या रयतेच्या शेतीचे व महसुलाचे महत्त्व ओळखले होते. वेरूळच्या लेण्यांचे वर्णन लिहिणारा फ्रेंच प्रवासी व अवेस्ताचा अभ्यासक आंकेतिल द्यूपेराँ याने मराठी अमलाच्या काळात शेजारच्या साष्टी बेटातून प्रवास केला. तेथील ख्रिस्ती लोक उघडपणे आपले धर्मविधी पार पाडीत असल्याचे त्याच्या १७७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रवासवृत्तान्तावरून दिसते. राजाश्रयाने आलेला धर्म राजाश्रयाविना टिकला, म्हणून १७३९ हे वर्ष या समाजाच्या इतिहासात एका पर्वाचा शेवट आणि दुसऱ्या पर्वाचा आरंभ ठरते. त्यापूर्वीच्या दोन शतकांत तो पोर्तुगीजांचा धर्म होता. त्यानंतर तो वसईकरांचा झाला.

चर्चचे अधिकारक्षेत्र : इंग्रजांनी १७८० मध्ये वसई जिंकली, पण सालबाईच्या तहाने (१७८२) ती मराठ्यांकडे परत गेली. पेशवाईच्या अखेरीस ती कायमची इंग्रजी अमलाखाली आली. धर्मसत्तेच्या बाबतीत मात्र पोर्तुगीज राजाचा अधिकार चालूच राहिला. उत्तर कोकणात पाद्रोआदो व रोमच्या थेट नियंत्रणाखालील ‘प्रोपागांडा’ अशा दोन यंत्रणांत दीर्घकाळ संघर्ष होता. १८८६ च्या करारानुसार दमण धर्मप्रांत निर्माण होऊन वसईचे धर्मग्राम त्याच्या कक्षेत आले. १९२८ मध्ये तो विसर्जित होऊन वसई मुंबईच्या महाधर्मप्रांतात विलीन झाली. २२ मे १९९८ रोजी स्वतंत्र वसई धर्मप्रांताची स्थापना झाली. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे भुईगावचेच होत. पापडीचे चर्च हे या धर्मप्रांताचे मुख्य चर्च (कॅथीड्रल) आहे.

दरम्यान १८८७ मध्ये मुंबई व साष्टीतील मराठी भाषक कॅथलिकांनी गोव्याहून आलेल्या कॅथलिकांपासून आपली वेगळी ओळख राखण्यासाठी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारले. वसईच्या समाजाचे या वर्गाशी निकटचे संबंध असले, तरी कुपारी, वाडवळ, कोळी ही स्थानिक नावेच येथे अधिक बळकट राहिली.

आर्थिक जीवन : वसईची काळी, पाणथळ जमीन व गोड्या पाण्याचे साठे यांवर येथील बागायत उभी राहिली. विहिरीवरील रहाट आणि पावसाचे पाणी साठविणारी ‘बावखले’ हे तिचे दोन आधार होत. बावखलांतील पाणी उन्हाळ्यात बागेस मिळे, भूजलाची पातळी टिकून राही व समुद्राचे खारे पाणी आत शिरण्यास अटकाव होई. केळी, विड्याची पाने, भाजीपाला व फुले ही मुख्य उत्पादने होती. राजेळी केळ्यांपासून बनविलेली आगाशीची सुकेळी दूरवर प्रसिद्ध आहेत. १८६४ मध्ये लोहमार्ग झाल्यावर मुंबईची बाजारपेठ जवळ आली. भाजी, फुले व दूध रोज आगगाडीने जाऊ लागले.

सावकारी पाशातून शेतकऱ्यांची सुटका करण्याच्या हेतूने १९१८ मध्ये मोन्सिन्योर पी. जे. मोनीस या धर्मगुरूंच्या पुढाकाराने सहकारी पतसंस्था सुरू झाली. तीच पुढे ‘बॅसीन कॅथलिक सहकारी बँक’ म्हणून विकसित झाली. धर्मग्रामातील परस्परविश्वासाचे आर्थिक संस्थेत झालेले रूपांतर म्हणून हे उदाहरण लक्षणीय आहे. शाळांचे जाळे, संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय व कार्डिनल ग्रेशस रुग्णालय या संस्थांचा लाभ सर्व धर्मांच्या लोकांनी घेतला आहे.

सण, संस्कार व लोकसंस्कृती : नाताळ, पवित्र आठवडा व ईस्टर यांखेरीज प्रत्येक धर्मग्रामाचा आपल्या आश्रयदात्या संताचा सण असतो. त्याआधी नऊ दिवस ‘नोव्हेना’ होतो. सणाच्या दिवशी माहेरवाशिणी व आप्तेष्ट गावी येतात. रमेदी मातेच्या सणास इतर धर्मीयही नवस फेडण्यासाठी येतात. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करण्याचा ‘आगेरा’ हा कृषिसंस्कृतीतून आलेला सण होय. निर्मळ येथे शंकराचार्यांच्या समाधिस्थानी कार्तिकात भरणारी जत्रा आणि तेथीलच पुरातन धर्मग्राम एकमेकांशेजारी नांदतात. जत्रेच्या बाजारात दोन्ही समाजांची वर्दळ असते.

विवाहात मांडव, हळद व त्या त्या प्रसंगी स्त्रियांनी म्हणावयाची बोलीतील गीते यांचे स्थान अबाधित राहिले. चर्चमधील विधीने त्यांना पूर्णता आली. कुपारी स्त्रियांचे लाल लुगडे व सोन्याचे विशिष्ट अलंकार ही या समाजाची दृश्य ओळख होती. रोजच्या वापरातून हा वेश जवळजवळ गेला असला, तरी विवाहात व सांस्कृतिक मेळाव्यांत तो आवर्जून परिधान केला जातो.

मराठी भाषा व साहित्य : घरात बोली, व्यवहारात प्रमाण मराठी व चर्चमध्ये लॅटिन अशी त्रिस्तरीय भाषिक स्थिती विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत होती. तथापि प्रार्थना व भक्तिगीते लोकभाषेत म्हणण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्सिस्को वाझ दे गिमाराइंश याचे १६५९ मधील ख्रिस्तचरित्रपर पुराण उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात वाचले जाई. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लोकभाषेत उपासना करण्यास मान्यता दिल्यावर मिस्सा मराठीत होऊ लागली. या बदलामुळे गावातील माणसाला आपल्या धर्मविधीतील शब्द न् शब्द प्रथमच कळू लागला.

१९५५ मध्ये सुरू झालेले सुवार्ता हे वसईचे मासिक पुढे ख्रिस्ती व इतर मराठी वाचकांतील संवादाचे व्यासपीठ बनले. नंदाखाल येथे जन्मलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो (१९४२–२०२४) यांनी १९८३ पासून दोन तपांहून अधिक काळ त्याचे संपादन केले. सुबोध बायबल हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. सामवेदी ख्रिस्ती समाजाच्या इतिहासाचे व चालीरीतींचे संकलन फादर फ्रान्सिस कोरिया यांनी केले, तर कवयित्री सिसिलिया कार्व्हालो यांनी आधुनिक मराठी साहित्यात आपले स्थान निर्माण केले.

महाराष्ट्रातील इतर कॅथलिक समाजांशी तुलना केल्यास वसईचे वेगळेपण स्पष्ट होते. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील व मराठवाड्यातील कॅथलिक समाज मुख्यतः एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून, दुष्काळ व अस्पृश्यता यांच्या पार्श्वभूमीवर, ग्रामीण दलितांत झालेल्या मिशनकार्यातून उदयास आला. केंदळ येथून १९०३ मध्ये निघालेले निरोप्या हे मासिक त्या परंपरेचे अपत्य होय. औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) धर्मप्रांत १९७७ मध्ये स्थापन झाला. वसईत जमीनधारक बागायतदार समाजाचे धर्मांतर झाले, तर देशावर व मराठवाड्यात भूमिहीनांचे. त्यामुळे दोन्हींचे सामाजिक प्रश्न भिन्न राहिले. त्यांना जोडणारा दुवा मराठी भाषा हाच आहे.

आधुनिक काळातील स्थिती : मुंबईच्या वाढीचा ताण विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वसईवर पडू लागला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस येथील हरित पट्टा बांधकामास खुला होऊ लागला, तेव्हा फादर दिब्रिटो यांच्या पुढाकाराने ‘हरित वसई संरक्षण समिती’ स्थापन होऊन मोठे जनआंदोलन झाले. पाणी, शेती आणि गुंडगिरीविरोधी लढा यांस धर्मभेद न मानता लोकांचा पाठिंबा मिळाला. २००९ मध्ये वसई-विरार शहर महानगरपालिका झाल्यावर ग्रामीण गावे तिच्यातून वगळण्यासाठी पुन्हा आंदोलन उभे राहिले. २०११ च्या जनगणनेत महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. अनेक बावखले बुजविली गेली, पानमळे ओसरले व शेती हे बहुसंख्यांचे उपजीविकेचे साधन राहिले नाही.

धर्मग्रामांचे स्वरूपही पालटत आहे. नोकरीनिमित्त आलेले कोकणी, मल्याळम्, तमिळ भाषक कॅथलिक त्यांत सामील झाले असून काही चर्चमध्ये इंग्रजीतही मिस्सा होते. ज्ञातिबाह्य विवाह वाढल्याने जुने भेद सैल झाले. पण ज्या बंदिस्त वस्तीने बोली जपली, तीही त्याबरोबर विरळ झाली. इंग्रजी माध्यमाच्या शाळांतील मुले कादोडी समजतात, क्वचितच बोलतात. बोलीतील गीते, म्हणी व शब्द यांचे संकलन करण्याचे प्रयत्न त्यामुळे महत्त्वाचे ठरतात. वसईच्या किल्ल्यातील भग्न चर्चवास्तूंना राष्ट्रीय संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे. धर्मग्रामाचा वारसा मात्र दगडांपेक्षा जमीन, पाणी व भाषा यांत अधिक आहे आणि त्यांचे रक्षण कोणत्याही एका कायद्याने होणारे नाही. १७३९ मध्ये राजसत्तेचा आधार तुटल्यावर जो समाज गावचर्चच्या आश्रयाने टिकला, तो शेती व वाडी यांचा आधार सुटल्यावर कोणत्या रूपाने टिकेल, यावर त्याच्या पुढील इतिहासाची दिशा अवलंबून आहे.